बाळगोळी : गिरणगांवांतील एक विष

मुंबईच्या गिरणगांवांत पहांटेचा भोंगा होण्यापूर्वीं बायकांना उरकावीं लागणारीं कामें थोडीं नसत. पाणी भरावें, चूल पेटवावी, भाकऱ्या थापाव्या. आणि सर्वांत शेवटीं तान्ह्या मुलाच्या जिभेवर एक बारीकशी गोळी ठेवावी. ‘बाळगोळी’ असें मायाळू नांव धारण करणाऱ्या या गोळींत अफू असे. ती पोटांत गेली कीं मूल निपचित पडे, आणि आई दहा-अकरा तासांच्या कामावर निघून जाई.

ही चाल गिरण्यांनीं निर्माण केली असें मात्र म्हणतां येणार नाहीं. पश्चिम हिंदुस्थानांत तान्ह्यांना अफू चाटविण्याचा प्रघात जुना असून तो खात्यापित्या घरांतही होता. जुलाब लागले, दांत येऊं लागले, रात्रीं मूल किरकिरलें, कीं कणभर अफू उगाळून द्यावयाची. सरकारी परवान्याच्या दुकानांत ती उघड विकत मिळे. 1893 सालीं नेमलेल्या अफू कमिशनपुढें पुष्कळ साक्षीपुरावा झाला. परंतु 1895 च्या अहवालांत कमिशननें अफूबंदीची मागणी मान्य केली नाहीं. सरकारी तिजोरींत अफूचें उत्पन्न पडत होतें हें आठवलें म्हणजे या निर्णयाचें नवल वाटत नाहीं. गिरणीनें केलें तें इतकेंच कीं, प्रसंगीं द्यावयाच्या औषधाचा तिनें रोजचा रतीब करून टाकला. इंग्लंडांतही कापडगिरण्यांच्या गांवांत ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ नांवाचें अफूमिश्रित गोड औषध मुलांना असेंच पाजलें जात असे.

अफू तान्ह्या मुलाचें काय करते? श्वासाचें नियमन करणारें मेंदूंतील केंद्र ती मंदावते. मात्रा थोडी अधिक झाली तर झोपेंतच श्वास थांबतो, आणि बाजारी गोळींत अफू किती याचा तर कांहींच नेम नसे. पण अशा अवचित मृत्यूपेक्षां सावकाश होणारी हानि अधिक व्यापक होती. गुंगींतलें मूल भुकेनें रडत नाहीं, म्हणून त्याला पाजलें जात नाहीं. पाजलें जात नाहीं म्हणून आईचें दूध आटतें. आंतडीं मंदावतात, अंग सुकत जातें. पुढें न्यूमोनिया झाला कीं मृत्यूच्या नोंदींत त्याच रोगाचें नांव पडे. अफूचें पडत नसे.

हा प्रकार सरकारदरबारीं उघडकीस आला तो एका आडवाटेनें. 1919 सालीं वॉशिंग्टन येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेनें कामकरी स्त्रियांच्या बाळंतपणाविषयीं अभ्यास करण्यास हिंदुस्थान सरकारला सांगितलें. त्या अनुषंगानें मुंबईंत डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांनीं चौकशी केली व तिचा वृत्तांत 1922 सालीं ‘लेबर गॅझेट’मध्यें आला. कारखान्यांतील स्त्रियांच्या मुलांपैकीं शेंकडा 98 मुलांना अफू दिली जाते, असें त्यांत नमूद होतें. आदल्याच वर्षीं, म्हणजे 1921 मध्यें, एका खोलीच्या बिऱ्हाडांतून दर हजार जन्मांमागें 828 अर्भकमृत्यु नोंदले गेले होते. चार किंवा अधिक खोल्यांच्या घरांत तो आकडा 133 होता. बाळंतपणासाठीं पुष्कळ बायका गांवीं जात, त्यामुळें जन्म तिकडे व मृत्यु इकडे असें होऊन पहिला आकडा फुगलेला आहे खरा. शिवाय हे सारे मृत्यु कांहीं अफूचे नव्हते. तरीही त्या दोन आकड्यांमधील दरी भरून निघत नाहीं.

अडाणी आयांना उपदेश करावा, हा उपाय सुशिक्षितांना तेव्हां सहज सुचे. आईला गोळीचे दुष्परिणाम ठाऊक नव्हते असें नव्हे. रडणारें मूल शेजारीण दिवसभर सांभाळणार नव्हती आणि खाडा पडला तर मजुरी कापली जाई. पाळणा आणि रजा दिल्यावांचून नुसतें विष काढून घेणें निरर्थक होतें. 1928 सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत प्रसूति-साहाय्याच्या बिलावर चर्चा झाली तेव्हां डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं मातेला विश्रांति मिळणें हें राष्ट्रहिताचेंच आहे असें सांगून बिलास पाठिंबा दिला. 1929 मध्यें तो कायदा झाला व बाळंतिणीस दररोज आठ आणे मिळण्याची सोय झाली. परळच्या गिरणवस्तींत 1926 सालीं वाडिया प्रसूतिगृह व 1929 सालीं वाडिया बालरुग्णालय उभें राहिलें. 1934 च्या फॅक्टरी कायद्यानें पन्नासाहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांत मुलांसाठीं खोली ठेवण्याची सक्ति करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला, आणि 1948 च्या कायद्यानें ती खोली बंधनकारकच झाली.

खोली झाली म्हणून गोळी लागलीच सुटली नाहीं. अफूची संवय जडलेलें मूल ती न मिळाल्यास तळमळतें, त्याला जुलाब होतात, तें तासन्‌तास रडतें. अशा वेळीं त्याला हाताळण्यास जाणती परिचारिकाच लागते. वैद्यकेतर उपयोगासाठीं अफू खाण्यावर देशभर बंदी आली ती 1959 मध्यें. तोंवर आणखीही एक गोष्ट घडून आली होती. 1920 नंतरच्या वर्षांत मुंबईच्या गिरण्यांत पांचांतील सुमारें एक कामगार स्त्री होती. पुढें स्त्रियांची रात्रपाळी बंद झाली, बाळंतपणाचा खर्च अंगावर येऊं लागला, नवीं यंत्रें आलीं, आणि मालकांनीं बायकांना कामावर घेणें हळूहळू कमी केलें.