सोन्याचे शहर, पाण्याचा डोंगर

काही गावांच्या वाट्याला इतिहासात एकच दिवस येतो. पानिपत म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे १४ जानेवारी १७६१ हा दिवस उभा राहतो. त्या दिवसाच्या आधीही तेथे माणसे नांदत होती आणि नंतरही तेथे शेते पिकली, लग्ने लागली, हे आपल्या ध्यानीमनीही नसते. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात, आंडीज पर्वताच्या एका खोऱ्यात, काहामार्का नावाचे शहर आहे. त्याचेही असेच झाले आहे. त्याच्या नशिबी आलेला दिवस म्हणजे १६ नोव्हेंबर १५३२.

त्या दिवशी सायंकाळी फ्रान्सिस्को पिझारो या स्पॅनिश सरदाराने अवघ्या १६८ माणसांनिशी इंका सम्राट अताहुआल्पा याला भर चौकात पकडले. सम्राटाबरोबर हजारोंचा लवाजमा होता, पण त्यांतले बहुतेक लोक लढाईच्या तयारीने आलेलेच नव्हते. दोन तासांच्या आत हजारो माणसे कापली गेली. मग कैदेतल्या सम्राटाने सुटकेसाठी बोली केली, की एक खोली एकदा सोन्याने आणि दोनदा चांदीने भरून देतो. साम्राज्याच्या कानाकोपऱ्यांतून देवळांचे पत्रे, मूर्ती, घागरी, दागिने येऊ लागले. सहा टनांहून अधिक सोने आणि अकरा टनांहून अधिक चांदी वितळवून लगडी पाडण्यात आल्या. खंडणी पोचली, आणि जुलै १५३३ मध्ये सम्राटाला गळा आवळून मारण्यात आले. शाळेच्या पुस्तकांत काहामार्काचा इतिहास येथे सुरू होतो आणि येथेच संपतो.

त्या खोलीच्या दगडी भिंती आजही शहरात दाखवतात. मीही त्या पाहिल्या. अमुक उंचीपर्यंत सोने भरले होते अशी खूण दाखवतात, तिच्याकडे पाहून सगळे प्रवासी मान डोलावतात, मीही डोलावली. पण या मुलखाचा खरा जुना इतिहास मला भेटला तो दुसऱ्या दिवशी, शहराच्या नैर्ऋत्येला वीसेक किलोमीटरांवर, कुम्बेमायोच्या डोंगरात.

शहरच मुळी २,७५० मीटर उंचीवर. कुम्बेमायो त्याहूनही वर, ३,५०० मीटरांच्या आसपास. आपल्या दोन कळसूबाई एकीवर एक ठेवल्या तरी तेथवर पोचायला थोडे उणेच पडेल. मोटार जाते तेथवर जायचे आणि पुढे वाटाड्याबरोबर अर्ध्या दिवसाची पायपीट करायची, असा शिरस्ता आहे. आमचा वाटाड्या चाळिशीचा असावा. डोक्यावर त्या भागातली ती सुप्रसिद्ध उंच, रुंद कडेची, काड्यांच्या विणीची टोपी. त्याचे स्पॅनिश मला निम्मे कळे आणि उरलेले निम्मे तो हातवाऱ्यांनी पुरे करी. वीस पावले चाललो की माझी छाती भात्यासारखी हले. तो मात्र तोंडात कोकाची पाने घोळवीत, जणू घरच्या अंगणात फिरतो आहे, अशा थाटात पुढे चाले.

पहिल्या वळणावरच पाषाणांची एक सभा भरलेली दिसते. दोनदोन पुरुष उंचीपासून ते देवळाच्या शिखराएवढ्या उंचीपर्यंतचे करडे सुळके, गवताळ उतारावर दाटीवाटीने उभे. कोणाचे डोके वाकलेले, कोणाच्या अंगावरच्या झग्याला जणू चुण्या पडलेल्या. स्पॅनिश लोकांना त्यांत आपले मठवासी साधू दिसले आणि त्यांनी नाव ठेवले ‘फ्राइलोनेस’, म्हणजे थोरले साधू. आपल्याकडचा कोणी असता तर त्याला वऱ्हाड दिसले असते आणि कोणा ऋषीच्या शापाची कथाही तयार झाली असती!

शाप नसला तरी कथा आहेच, आणि ती निसर्गाची आहे. लाखो वर्षांपूर्वी येथे ज्वालामुखींनी राख ओकली. तिचे जाड थर दडपून दगड झाला. थंड होताना त्याला उभ्या भेगा पडल्या. त्या भेगांत पावसाचे पाणी शिरले, थंडीच्या रात्री त्याचे बर्फ होऊन भेगा रुंदावल्या, आणि उरलेले काम वाऱ्याने केले. जे नरम होते ते गेले आणि जे कठीण होते ते साधू होऊन उभे राहिले. पाण्याने दगड कसा कापला जातो, याचा हा वस्तुपाठच म्हणावयाचा. आणि मला वाटते, येथल्या माणसांनी तो नीट गिरवला असला पाहिजे.

वाट पुढे एका अरुंद कपारीतून जाते. कंदिलाच्या उजेडात, अंग चोरून, भिंतीला हात लावीत पलीकडे निघालो आणि उताराने खाली आलो, तो पायांशी पाणी! हातभर रुंदीचा, सलग खडकात कोरलेला पाट. कडा अशा सरळ, की सुताराने ओळंबा लावून रंधा मारावा. पाणी आवाज न करता चालले होते. वाटाड्याने डोक्यावरची टोपी काढली, ओंजळभर पाणी तोंडावर मारले, आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की आता बोला!

हा कालवा सुमारे आठ किलोमीटर लांबीचा आहे. काही भाग मातीतून जातो, काही असा खडकातून. तो सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा असावा, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. इंका लोक या खोऱ्यात आले पंधराव्या शतकात. म्हणजे ज्या सम्राटाच्या नावाने हे शहर ओळखले जाते, त्याच्या घराण्याच्याही दोन हजारांहून अधिक वर्षे आधी हे पाणी येथे खेळत होते. त्या काळी या मुलखात लोखंड ठाऊक नव्हते. आपल्या कान्हेरीला ज्यांनी कातळात पाण्याची टाकी खोदली, त्यांच्या हाती निदान लोखंडी छिन्नी होती. येथे दगडाने दगड घासून, ठोकून, हे काम झाले आहे.

पण मला थक्क केले ते एका वळणाने. सरळ चाललेला पाट एकाएकी काटकोनात वळतो, पुन्हा वळतो, नागमोडी नव्हे तर पायऱ्यांसारखा. आधी वाटले, खोदणाऱ्याने केवळ हौस म्हणून केले असेल. जाणकार सांगतात, की उतारावर पाण्याचा वेग वाढतो, वेगवान पाणी कडा खाते, पुढच्या मातीच्या पाटाची धूप करते. म्हणून मध्येच त्याला अडवून अडवून त्याची धाव मोडायची. अवखळ मुलाला हाताला धरून चालवावे तसे पाणी चालविले आहे.

आणखी एक गोष्ट. याच डोंगरधारेवर अमेरिका खंडाचा पाणलोट दुभागतो. एका अंगाला पडलेला पाऊस प्रशांत महासागराला जातो, दुसऱ्या अंगाचा हजारो किलोमीटर वाहत अटलांटिकला मिळतो. कुम्बेमायोचा कालवा हा दुभाजक ओलांडतो. एका समुद्राचे पाणी दुसऱ्या समुद्राच्या वाटेला लावले आहे! आपल्याकडे कोयनेचे पूर्वेला जाणारे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळविले ते विसाव्या शतकात, सुरुंगांच्या आणि यंत्रांच्या बळावर, आणि त्याचा आपल्याला अभिमान वाटतो. तो रास्तच आहे. पण येथे ना सुरुंग, ना यंत्र.

हे काम कोणी केले? पेरूचे थोर पुरातत्त्वज्ञ हूलिओ तेयो १९३७ साली येथे येऊन गेले. १९७९ पासून जपानी संशोधकांनी खोऱ्यातील वाकालोमा येथे आणि पुढे या डोंगराजवळच्या लायसोन येथे उत्खनन करून इंकांच्या फार पूर्वीच्या देवस्थानांचे अवशेष उजेडात आणले. २०२४ साली तर याच खोऱ्यात मोठमोठ्या उभ्या शिळांनी बांधलेला एक गोल चौक सुमारे ४,७५० वर्षांपूर्वीचा असल्याचे प्रसिद्ध झाले. म्हणजे एकत्र जमून मोठे काम उठविण्याची सवय या लोकांना कालव्याच्याही आधीपासून होती. कालव्याकाठच्या खडकांवर आणि गुहांच्या भिंतींवर त्यांनी खुणा कोरल्या आहेत. त्यांचा अर्थ आज कोणाला लागत नाही. कोणा राजाचे नाव मात्र कोठेही नाही.

परतीच्या चढावर वाटाड्याने खोऱ्याकडे हात केला आणि ‘ओरो’ हा शब्द उच्चारला. ओरो म्हणजे सोने. पिझारोबरोबर ती कथा संपली नव्हती. १९९३ साली शहराच्या उत्तरेला यानाकोचा येथे सोन्याची खाण सुरू झाली आणि ती दक्षिण अमेरिकेतील सर्वांत मोठ्या खाणींत गणली जाऊ लागली. यानाकोचा या नावाचा अर्थ ‘काळे तळे’. जून २००० मध्ये खाणीहून निघालेल्या मालमोटारीतून चोरोपाम्पा गावाच्या रस्त्यावर पारा सांडला. चकाकते म्हणून लोकांनी तो हातांनी गोळा करून घरी नेला, आणि शेकडो माणसे आजारी पडली. २००४ साली किलिश नावाच्या डोंगरात सोने शोधण्याचे ठरले, तेव्हा शहराचे पाणी त्याच डोंगरातून येते म्हणून हजारो लोकांनी रस्ते अडविले आणि परवाना रद्द करावयास लावला. २०११ साली कोंगा येथील नव्या खाणीसाठी चार उंच तळी नाहीशी व्हायची होती. त्यांच्या बदल्यात बांधीव जलाशय देण्याचे आश्वासन होते. लोक पुन्हा रस्त्यावर आले. पाणी हवे, सोने नको, ही त्यांची घोषणा होती. जुलै २०१२ मध्ये या आंदोलनात पाच माणसांचे प्राण गेले. ती खाण झाली नाही.

खाणीने कित्येकांच्या चुली पेटविल्या, हेही खरे आहे, आणि दुसऱ्याच्या मुलखात चार दिवस फिरून आलेल्याने न्यायनिवाडा करू नये. पण खंडणीच्या त्या खोलीत उभे राहून जे मला कळले नव्हते, ते पाटाच्या काठी कळले. साऱ्या जगाला वाटते, की काहामार्काची संपत्ती एका खोलीत मावली आणि जहाजांत भरून गेली. ज्यांनी तो दगड घासला, त्यांची संपत्तीची कल्पना वेगळी होती, आणि त्यांच्या मागून तीन हजार वर्षांनी तेथे राहणाऱ्यांनाही ती पटलेली दिसते.

आपल्या पुराणांतही लक्ष्मी आकाशातून उतरली नाही. ती पाण्यातून वर आली. दिवाळीत तिची पूजा मांडताना शेजारी पाण्याने भरलेला कलश ठेवतात, तो केवळ शोभेसाठी नसावा.

अताहुआल्पाचे सोने वितळून कोणत्या नाण्यांत आणि कोणत्या मुकुटांत गेले, ते आता कोणी सांगू शकणार नाही. कुम्बेमायोच्या पाटात पाणी अजून वाहते आहे.