बारवाले, बद्रीनारायण रामूलाल

(२७ ऑगस्ट १९३०–२४ जुलै २०१७). भारतातील खासगी बियाणे उद्योगाचे एक प्रवर्तक. जन्म हिंगोलीचा, कर्मभूमी जालना. तरुणपणी हैदराबाद मुक्तिसंग्रामात सहभाग.

१९६० च्या सुमारास त्यांनी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे ‘पुसा सावनी’ हे भेंडीचे वाण जालन्यात वाढवले आणि त्याचे बी विकायला सुरुवात केली. घरच्या कणगीतले किंवा शेजाऱ्याकडून उसने आणलेले बी पेरण्याचा तो काळ. बियाला पैसे मोजायचे, हेच अनेकांना नवे होते. १९६४ मध्ये त्यांनी ‘महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी’ म्हणजेच महिको स्थापन केली. ज्वारी-बाजरीचे सरकारी संकर वाण याच सुमारास आले.

धंद्याचे मर्म बीजोत्पादनात होते. कंपनीने मूळ बी द्यायचे, शेतकऱ्याने ‘प्लॉट’ घ्यायचा आणि तयार बी कंपनीने ठरल्या भावाने उचलायचे. संकर ज्वारीच्या प्लॉटात नर आणि मादीच्या ओळी वेगळ्या असतात. दोन्हींचा फुलोरा एकाच वेळी जुळावा लागतो आणि बियाण्यासाठी फक्त मादीची कणसे घेतात. कपाशीत काम याहून किचकट. उद्या उमलणाऱ्या कळीतले पुंकेसर आदल्या दिवशी दुपारनंतर नखाने खरवडून काढायचे आणि सकाळी नराचे फूल तिच्यावर फिरवायचे. हे काम मुख्यतः बायकांच्या हातचे; उद्योगाच्या इतिहासात त्यांची नावे फारशी सापडत नाहीत.

संकर बियाणे दर हंगामाला नव्याने घ्यावे लागते. धंदा त्यावरच उभा राहिला आणि शेतकऱ्याचे परावलंबनही त्यातूनच वाढले. १९९८ मध्ये मोन्सॅन्टो या अमेरिकी कंपनीने महिकोत २६ टक्के हिस्सा घेतला. मार्च २००२ मध्ये महिकोच्या बीटी, म्हणजे बोंडअळीला मारक जनुक घातलेल्या, कपाशीच्या तीन संकर वाणांना केंद्राची मंजुरी मिळाली. सुरुवातीला फवारण्या घटल्या, पुढे गुलाबी बोंडअळी या कपाशीलाही पुरून उरली. महिकोचे बीटी वांगे मात्र केंद्राने फेब्रुवारी २०१० मध्ये त्याच्या लागवडीला दिलेल्या स्थगितीत अडकले.

१९९८ मध्ये बारवाले यांना जागतिक अन्न पुरस्कार आणि २००१ मध्ये पद्मभूषण मिळाले. जालन्यातील गणपती नेत्रालय त्यांच्याच पुढाकाराने उभे राहिले.