धान्याऐवजी रोख : एका बदलाची कुळकथा

दुसऱ्या महायुद्धात धान्याची चणचण भासू लागली आणि 1943 साली मुंबईत शिधावाटप लागू झाले. युद्ध संपले, इंग्रज गेले, रेशनकार्ड मात्र घराघरांत राहिले. बाजारात गहू कितीही कडाडला तरी कार्डावरचे माप कमी होत नसे. गरिबाला भरवसा होता तो या मापाचा.

मापाच्या जागी पैसे देण्याची वाट 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने मोकळी केली. रेशनव्यवस्थेत करायच्या सुधारणांमध्ये त्याने रोख रक्कम आणि फूड कूपन यांचाही उल्लेख केला. पैसे थेट खात्यात टाकायला लागणारे ‘आधार’ तोवर आले होते. त्याचा पहिला क्रमांक 2010 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला. 2015 मध्ये चंदीगड आणि पुदुच्चेरीत धान्याऐवजी रोख रक्कम देणे सुरू झाले.

त्याच वर्षी महाराष्ट्राने मराठवाड्याचे आठ, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा अशा 14 जिल्ह्यांतल्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना माणशी दरमहा 5 किलो धान्य द्यायला सुरुवात केली. गहू 2 रुपये किलो, तांदूळ 3 रुपये. हे शेतकरी अन्नसुरक्षा कायद्याच्या यादीबाहेरचे आणि जिल्हे आत्महत्यांनी पोळलेले. पुढे या योजनेसाठी केंद्राकडून धान्य मिळेनासे झाले. फेब्रुवारी 2023 मध्ये राज्याने धान्याऐवजी माणशी 150 रुपये खात्यात टाकायचे ठरवले.

हिशेब करून पाहा. 5 किलोला 150 म्हणजे किलोमागे 30 रुपये. शेतकरी पूर्वी पदरचे 2-3 रुपये भरत असे, ते धरले तर 32-33 रुपयांत बाजारातून किलोभर धान्य यायला हवे. भाव त्यापुढे गेला की भार घराच्या खर्चावर. 2024 मध्ये रक्कम 170 झाली. पण ती वाढवायला सरकारी निर्णयाची वाट पाहावी लागली.

रोखीचे फायदे खरे आहेत. मापात मारणारा दुकानदार मध्ये येत नाही, घराला ज्वारी हवी असेल तर ज्वारी घेता येते. पण खात्याला आधार जोडलेले नसेल तर पैसे अडकतात, आणि बाजार लांब असेल तर गाडीभाड्यातच काही रुपये जातात.

म्हणून सरकारने ही रक्कम दरवर्षी स्थानिक बाजारभावाला बांधून द्यावी, आणि धान्य हवे की पैसे, हे ठरवण्याचा हक्क त्या घराकडे ठेवावा. तेवढे होत नसेल, तर 5 किलोंचे माप मोडू नये.