बापाने घडवलेली झडप

मुलाच्या मेंदूत पाण्याची गाठ आहे म्हटले, की आईबापांच्या काळजात धस्स होते. पण वाचकहो, अशी प्रत्येक गाठ काही जीवघेणी नसते. मेंदूच्या आवरणातील या पाणपिशव्यांचे वर्णन इंग्रज डॉक्टर रिचर्ड ब्राइट यांनी १८३१ सालीच केले. त्रास नसेल, तर नुसती नजर ठेवली तरी पुष्कळदा भागते. दाब वाढला, तर मात्र पिशवीला छिद्र पाडावे लागते, नाहीतर नळी बसवून पाण्याला वाट द्यावी लागते. पण नळीतून प्रवाह उलटा फिरला तर?

फिलाडेल्फियाच्या जॉन होल्टरच्या तान्ह्या मुलाला गाठ नव्हती. पण डोक्यात पाणी साठत होते. कुलुपांच्या कारखान्यातल्या या तंत्रज्ञाने १९५६ साली सिलिकोनची एकमार्गी झडप घडवली. सर्जन स्पिट्झ यांनी ती आधी बसवली दुसऱ्याच मुलाला! बाप धडपडला आपल्या लेकरासाठी. वाट मोकळी झाली हजारोंची.