किशोर प्रोग्रामरांची उन्हाळी शाळा (नोवोसिबिर्स्क)

किशोर प्रोग्रामरांची उन्हाळी शाळा हे रशियातील नोवोसिबिर्स्क शहरालगतच्या अकादेमगोरोदोक या विज्ञाननगरीच्या परिसरात १९७६ पासून भरणारे शालेय विद्यार्थ्यांचे संगणक-शिबिर आहे. सोव्हिएत संगणकशास्त्रज्ञ आन्द्रेई पेत्रोविच येर्शोव (१९३१–१९८८) यांच्या प्रेरणेने ते सुरू झाले व आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. सोव्हिएत घरांत संगणक येण्याच्या कितीतरी आधी येथे मुलांना प्रोग्रामिंग शिकवण्याच्या पद्धती घडल्या. १९८५ मध्ये सोव्हिएत संघातील सर्व माध्यमिक शाळांत माहितीविज्ञान हा विषय आला, त्यामागे या अनुभवाचा मोठा वाटा होता.

पार्श्वभूमी

अकादेमगोरोदोकची स्थापना १९५७ मध्ये गणितज्ञ मिखाईल लाव्रेन्त्येव यांच्या पुढाकाराने झाली. सायबेरियाच्या अफाट प्रदेशात विखुरलेली हुशार मुले हुडकून काढणे हा आरंभापासून या नगरीचा ध्यास होता. त्यासाठी गणित-भौतिकीच्या स्पर्धा भरवल्या जात. १९६२ पासून त्यांतील निवडक मुलांसाठी उन्हाळी शाळा भरू लागली आणि १९६३ मध्ये निवासी विद्यालय उघडले. प्रोग्रामिंगचे शिबिर ही याच परंपरेची पुढची पायरी होय.

येर्शोव येथील संगणन केंद्रात प्रोग्रामिंग विभागाचे प्रमुख होते. त्यांचा मूळ विषय कंपायलर, म्हणजे माणसाने लिहिलेली आज्ञावली यंत्राच्या भाषेत उतरवणारी प्रणाली. अशा विषयात जागतिक कीर्ती मिळवलेला संशोधक लहान मुलांच्या शिक्षणाकडे वळावा, हे विशेषच म्हटले पाहिजे. गेन्नादी झ्वेनिगोरोद्स्की, युरी पेर्विन आणि युनेर्मान हे त्यांचे या कामातील प्रमुख सहकारी होते. शिबिर वर्षातून एकदाच भरे. म्हणून ‘क्वांत’ या विद्यार्थ्यांसाठीच्या गणित-भौतिकीच्या मासिकातून पत्रद्वारा प्रोग्रामिंगचे धडेही दिले जाऊ लागले. ज्या मुलाने संगणक डोळ्यांनीही पाहिला नव्हता, तो कागदावर आज्ञावली लिहून ती टपालाने पाठवू शकत असे.

मुलांसाठी भाषा

प्रचलित प्रोग्रामिंग भाषांतील शब्द इंग्रजी होते. आठ-दहा वर्षांच्या रशियन मुलाने विचार करायला शिकण्यापूर्वी परकी अक्षरे का गिरवावीत, असा साधा प्रश्न यातून उभा राहिला. (हा प्रश्न आपल्याकडील मराठी शाळांतही अपरिचित नाही.) झ्वेनिगोरोद्स्की यांनी तयार केलेल्या ‘रोबिक’ या भाषेतील आज्ञा रशियन होत्या. मोठ्या मुलांसाठी ‘रापिरा’ ही भाषा घडवण्यात आली; तिच्यातील आज्ञाही रशियनच असल्या, तरी ती प्रौढांच्या भाषांइतकी गंभीर होती.

या पद्धतीचा गाभा ‘आज्ञाधारक’ ही कल्पना आहे. ठरावीक मोजक्याच आज्ञा समजणारे एक काल्पनिक पात्र मुलांसमोर ठेवले जाते. उदाहरणार्थ, चौकटींच्या पटावर फिरणारी एक मुंगी अक्षरांचे ठोकळे ढकलते आणि मुलाला तिच्याकडून शब्द जुळवून घ्यायचा असतो. मुंगीला ‘समजून घेणे’ ठाऊक नसते. सांगितले तेवढेच ती करते. त्यामुळे ठोकळा चुकीच्या घरात गेला, तर चूक आपल्या सांगण्यात आहे हे मुलाला स्वतःच उमगते. अमेरिकेत सीमोर पॅपर्ट व त्यांचे सहकारी लोगो भाषेतील ‘कासवा’कडून जे साधत होते, त्याच्याशी हे जवळचे आहे.

पुढे ‘आगात’ या सोव्हिएत संगणकासाठी (नावाचा अर्थ अकीक) ‘श्कोल्नित्सा’, म्हणजे ‘शाळकरी मुलगी’, ही शैक्षणिक प्रणाली तयार झाली. तिच्यात या दोन्ही भाषांचा समावेश होता.

शिबिराचे स्वरूप

शिबिराची रचना वर्गांची नसून कार्यशाळांची आहे. प्रत्येक कार्यशाळेला एक ‘उस्ताद’ असतो; बहुधा विद्यापीठातील विद्यार्थी किंवा व्यावसायिक प्रोग्रामर, आणि कित्येकदा याच शिबिराचा जुना विद्यार्थी. मुलांचा छोटा गट त्याच्या हाताखाली एखादा प्रकल्प हाती घेतो आणि अखेरीस सर्वांसमोर मांडून त्यावरील प्रश्नांना उत्तरे देतो. परीक्षेपेक्षा या मांडणीला अधिक महत्त्व असते.

‘दुसरी साक्षरता’ आणि १९८५ चा अभ्यासक्रम

१९८१ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे भरलेल्या संगणक-शिक्षणविषयक जागतिक परिषदेत येर्शोव यांनी ‘प्रोग्रामिंग : दुसरी साक्षरता’ हे गाजलेले व्याख्यान दिले. छपाईच्या शोधाने जशी वाचन-लेखनाची गरज सार्वत्रिक केली, तशीच संगणक प्रोग्रामिंगची करील, असा त्यांचा युक्तिवाद होता. तयार आज्ञावल्या मिळू लागल्यावर प्रत्येकाने त्या लिहायला शिकण्याचे कारण काय, हा आक्षेप तेव्हापासून घेतला जात आहे व तो निराधार नाही. मात्र येर्शोव यांचा भर आपल्या कृतीची पूर्वआखणी करण्याच्या क्षमतेवर होता. यंत्र हे त्यांच्या दृष्टीने निमित्त होते.

१ सप्टेंबर १९८५ पासून ‘माहितीविज्ञान व संगणन तंत्राची मूलतत्त्वे’ हा विषय माध्यमिक शाळांच्या शेवटच्या दोन इयत्तांना लागू झाला. येर्शोव हे त्याच्या पाठ्यपुस्तकाच्या संपादकांपैकी एक होते. बहुसंख्य शाळांत संगणकच नव्हते. त्यामुळे पाठ्यपुस्तकातील ‘अल्गोरिदमिक भाषा’ वहीत लिहूनच शिकवावी लागली. शिबिरात मूठभर मुलांमागे एक जाणता उस्ताद होता. येथे घाईने तयार केलेला, बहुधा गणिताचा किंवा भौतिकीचा शिक्षक तीस-चाळीस मुलांसमोर उभा होता. पद्धत शिबिरातून वर्गात नेता आली, माणसे नेता आली नाहीत. झ्वेनिगोरोद्स्की तर त्याआधीच, १९८४ मध्ये, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी निवर्तले होते. त्यांचे ‘प्रोग्रामिंगचे पहिले धडे’ हे पुस्तक १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले.

नंतरचा काळ

येर्शोव यांचे ८ डिसेंबर १९८८ रोजी निधन झाले. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतरही शिबिराची परंपरा चालू राहिली. तिच्या आयोजनात येर्शोव यांचे नाव धारण करणारी माहितीप्रणाली संस्था आणि नोवोसिबिर्स्क विद्यापीठ यांचा सहभाग आहे. येर्शोव यांनी जपून ठेवलेली पत्रे, टिपणे व शालेय माहितीविज्ञानाविषयीची कागदपत्रे अंकीय स्वरूपात सर्वांसाठी खुली करण्यात आली आहेत.