क्ष-किरण आणि हातांचा हिशोब

"समजा, ती संख्या क्ष मानू." बीजगणिताच्या तासाला हे वाक्य आमच्या पिढीने किती वेळा लिहिलं असेल, त्याला गणती नाही. जे माहीत नाही ते क्ष. उत्तर सापडलं की क्ष चं काम संपलं, त्याच्या जागी खरा आकडा बसला. पण एक क्ष असा आहे की त्याचं उत्तर मिळून शंभराहून जास्त वर्षं झाली, तरी आपण अजून त्याला क्षच म्हणतो. क्ष-किरण!

ज्या कोणी मराठीत हा शब्द पहिल्यांदा वापरला, त्याचं मला फार कौतुक वाटतं. विल्हेल्म राँटजेनने या किरणांना 'एक्स' म्हटलं, कारण ते नेमके काय आहेत हे त्याला कळत नव्हतं. बीजगणितातल्या एक्सचा आपल्याकडे क्ष होतो, म्हणून किरणांचाही क्ष. जर्मनीत मात्र आजही त्यांना 'राँटजेन किरण' म्हणतात.

हा शोध कसा लागला हे बहुतेकांनी शाळेत वाचलेलं असतं. शोध लागल्यानंतरच्या तीसेक वर्षांत काय झालं, ते मात्र फारसं कुणी सांगत नाही. आज त्याबद्दल लिहायचंय. माझ्या मते ती हातांची गोष्ट आहे.

पण आधी थोडं मागे जाऊ. एक्स-रे नव्हते तेव्हा काय व्हायचं? २ जुलै १८८१ ला अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळीबार झाला. एक गोळी पाठीतून आत शिरली आणि अडकली. ती नेमकी कुठे आहे? डॉक्टरांनी जखमेत बोटं घातली, सळया घातल्या. टेलिफोनवाला अलेक्झांडर ग्रॅहम बेल धातू शोधणारं यंत्र घेऊन आला, त्यालाही गोळी सापडली नाही. अस्वच्छ बोटांनी जखम चिघळत गेली आणि १९ सप्टेंबरला गारफील्ड वारले. शवविच्छेदनात गोळी निघाली ती भलत्याच बाजूला. एका देशाचा अध्यक्ष, हाताशी मोठमोठे डॉक्टर, आणि सगळे अक्षरशः अंधारात चाचपडत होते. सामान्य माणसाची काय कथा?

त्यानंतर चौदा वर्षांनी, ८ नोव्हेंबर १८९५ च्या संध्याकाळी, जर्मनीतल्या वुर्झबर्ग विद्यापीठात पन्नाशीचा हा प्राध्यापक एकटाच प्रयोग करत होता. जवळजवळ सगळी हवा काढून टाकलेल्या काचेच्या नळीतून उच्च दाबाची वीज सोडली की काय होतं, हा त्या काळी युरोपभर अभ्यासाचा विषय होता. राँटजेनने नळी काळ्या पुठ्ठ्याने पूर्ण झाकली होती, खोलीत अंधार होता, तरी थोड्या अंतरावरचा बेरियम प्लॅटिनोसायनाइडचा लेप दिलेला पडदा चमकू लागला. नळीतून काहीतरी बाहेर येत होतं, आणि ते पुठ्ठ्याला जुमानत नव्हतं.

पुढचे सात आठवडे तो जवळपास प्रयोगशाळेतच राहिला. कागद, लाकूड, पुस्तक, पत्रे असं एकेक आडवं धरून बघत गेला. नंतर एका पत्रकाराने विचारलं, की तेव्हा तुमच्या मनात काय विचार आला? त्यावर, मी विचार केला नाही, शोध घेत राहिलो, अशा अर्थाचं उत्तर त्याने दिलं. २२ डिसेंबरला त्याने बायकोला, बर्थाला, बोलावलं आणि तिचा हात सुमारे पंधरा मिनिटं फोटोच्या काचेवर ठेवायला लावला. काच धुतल्यावर दिसली ती बोटांची हाडं, आणि एका हाडाभोवती तरंगणारी अंगठी. २८ डिसेंबरला त्याने आपला निबंध वुर्झबर्गच्या संस्थेकडे सोपवला, आणि नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी त्याच्या प्रती फोटोंसह ओळखीच्या शास्त्रज्ञांना पोस्टाने पाठवल्या. ५ जानेवारीला व्हिएन्नाच्या वर्तमानपत्रात बातमी आली आणि मग काही विचारू नका.

तो वेग बघून आजही थक्क व्हायला होतं. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या जॉन हॉल-एडवर्ड्सने जानेवारी १८९६ मध्येच एकाच्या हातात घुसलेल्या सुईचा फोटो काढला आणि फेब्रुवारीत एक्स-रे बघून शस्त्रक्रिया झाली. अमेरिकेत डार्टमथला ३ फेब्रुवारीला एका मुलाच्या मोडलेल्या मनगटाचा फोटो निघाला. १८९७-९८ मध्ये ब्रिटिश फौजेतल्या बीव्हर नावाच्या सर्जनने हे यंत्र आपल्या वायव्य सरहद्दीवर, तिराहच्या मोहिमेत नेलं आणि जखमी सैनिकांच्या अंगातल्या गोळ्या शोधल्या. गारफील्डला जाऊन तेव्हा जेमतेम सोळा वर्षं झाली होती. १८९६ या एका वर्षात या विषयावर हजाराहून जास्त लेख छापले गेले.

हे इतक्या लवकर झालं, कारण सामान साधं होतं. इंडक्शन कॉइल आणि निर्वात नळी जवळपास प्रत्येक भौतिकीच्या प्रयोगशाळेत पडून होती. शिवाय राँटजेनने पेटंट घेतलं नाही. १९०१ मध्ये भौतिकीचं पहिलंवहिलं नोबेल मिळालं, त्याचे पैसेही त्याने विद्यापीठाला देऊन टाकले. सगळ्या जगाला ही दृष्टी फुकट मिळाली.

फुकट? इथेच हातांचा हिशोब सुरू होतो.

त्या काळच्या नळ्या मोठ्या लहरी होत्या. आतमध्ये थोडी हवा शिल्लक असायची आणि तिच्या कमीजास्त होण्यावर किरणांचा जोर ठरायचा. सकाळी नीट चालणारी नळी दुपारी वेगळीच वागायची. म्हणून पेशंट यायच्या आधी नळी कशी चालली आहे हे तपासावं लागे. त्यासाठी उपकरण नव्हतं. मग एक सोपी युक्ती होती. यंत्र चालवणारा पडद्यामागे स्वतःचा हात धरायचा. हाडं स्पष्ट दिसली की नळी ठीक. दिवसातून अनेक वेळा, रोज, वर्षानुवर्षं. स्वयंपाक करताना आपण मीठ चाखून बघतो ना, तितक्या सहजपणे.

किरण लागत असताना काहीच जाणवत नाही, ना चटका ना वेदना. त्रास सुरू होतो तो काही दिवसांनी, काही आठवड्यांनी. कातडी लाल होते, सोलवटते, नखं ठिसूळ होतात. पुढे चामखिळी, न भरणारे व्रण आणि शेवटी कर्करोग. कारण आणि परिणाम यांच्यात इतकं अंतर पडल्यावर संबंध लावणार कोण? कुणी म्हणालं विजेमुळे होतंय, कुणी म्हणालं हवेत तयार होणाऱ्या ओझोनमुळे. किरणांना दोष द्यायला मन तयार नव्हतं. इतकी उपकारी गोष्ट अपाय कसा करेल?

थॉमस एडिसनच्या प्रयोगशाळेत क्लॅरेन्स डॅली नावाचा काच फुंकणारा कारागीर होता. नळ्या बनवायच्या आणि स्वतःच्या हातावर तपासायच्या, हे त्याचं काम. आधी त्याचा डावा हात गेला, मग उजव्या हाताची चार बोटं, मग दोन्ही दंड. १९०४ मध्ये, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी तो वारला. एडिसनने त्या धसक्याने एक्स-रेवरचं काम सोडून दिलं. सॅन फ्रान्सिस्कोची एलिझाबेथ फ्लाइशमन फिलिपीन्सच्या लढाईतून आलेल्या जखमी सैनिकांचे एक्स-रे काढायची. १९०५ मध्ये तिचा हात कापावा लागला आणि त्याच वर्षी ती गेली. फिलाडेल्फियाच्या डॉ. मिहरान कसाबियनने आपल्या झडत चाललेल्या हातांचे फोटो काढून ठेवले, इतरांना उपयोग व्हावा म्हणून. तो १९१० मध्ये गेला. आणि ज्याने सुई शोधून दाखवली होती, त्या हॉल-एडवर्ड्सचा डावा हात १९०८ मध्ये कापला गेला.

आता कुणी म्हणेल, त्यांना माहीतच नव्हतं हो, बिचारे काय करणार. मीही बरेच दिवस असंच समजत होतो. पण थोडं वाचत गेल्यावर मन अस्वस्थ होतं, कारण सांगणारे होते. १८९६ मध्येच एलिहू थॉमसन या इंजिनिअरने मुद्दाम आपल्या डाव्या करंगळीवर रोज थोडा वेळ किरण घेतले, आणि बोट सुजून फोड आल्यावर ते जाहीर केलं. बॉस्टनच्या विल्यम रॉलिन्स या दातांच्या डॉक्टरने १९०१ मध्ये गिनीपिगवर प्रयोग करून दाखवलं, की हे किरण जीवसुद्धा घेऊ शकतात. नळीभोवती शिशाची पेटी करा, लागेल तेवढाच झोत बाहेर येऊ द्या, डोळ्यांवर शिशाच्या काचेचा चष्मा लावा, असं त्याने सांगितलं. आज जे नियम आहेत त्यातले बरेचसे या एका माणसाने तेव्हाच मांडले होते. फार कमी लोकांनी लक्ष दिलं.

दुसरी गोष्ट तर याहून विलक्षण आहे. राँटजेनच्या हाताला काही झालं नाही. फोटोच्या काचा नको तिथून किरण लागून खराब होऊ नयेत म्हणून तो जस्ताच्या पत्र्याच्या मोठ्या पेटीत बसून काम करायचा, आणि नळीच्या बाजूला शिशाचा पत्रा लावलेला होता. काचा वाचवायला केलेल्या त्या पेटीने माणूसही वाचवला. म्हणजे उपाय अगदी पहिल्या दिवसापासून त्या खोलीत होता! पण निबंध जगभर गेला, पेटी तिथेच राहिली.

हात वाचवण्याचं मोठं श्रेय मी विल्यम कूलिजला देईन. १९१३ मध्ये त्याने तापलेल्या तारेची, पूर्ण निर्वात नळी बनवली. किरण किती आणि किती जोराचे, हे आता बटणांवर ठरवता येऊ लागलं. हात धरून बघायची गरजच संपली. उपदेशाने जे झालं नाही ते चांगल्या यंत्राने केलं. पुढे १९२८ मध्ये स्टॉकहोमला किरणांपासून संरक्षणासाठी आंतरराष्ट्रीय समिती नेमली गेली. शोधाला तेव्हा तेहतीस वर्षं झाली होती. बघण्याचं तंत्र पसरायला तीन आठवडे लागले आणि जपून बघायला शिकायला तेहतीस वर्षं.

यावरून कुणी एक्स-रेला खलनायक ठरवू नये. पहिल्या महायुद्धात मेरी क्युरीने मोटारींमध्ये यंत्रं बसवून ती आघाडीजवळ नेली, सतरा वर्षांची मुलगी आयरीन मदतीला होती. फ्रान्सच्या त्या गाड्या आणि केंद्रांमुळे लाखो जखमींची तपासणी झाली. १९७१ मध्ये लंडनला हाउन्सफील्डच्या यंत्राने पहिल्यांदा जिवंत माणसाच्या मेंदूचे थर सीटी स्कॅनमध्ये दिसले. आज मोडलेलं हाड न बघता बसवणाऱ्या डॉक्टरकडे आपण जाऊ का? छातीच्या साध्या एक्स-रेमध्ये आता फार तर ०.१ मिलिसिव्हर्टच्या आसपास किरणोत्सर्ग मिळतो, तर जमीन, हवा, आकाश यांतूनच माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळत असतो. तेव्हा गरज असेल तर एक्स-रे जरूर काढावा, घाबरू नये. छातीच्या सीटी स्कॅनला मात्र ५ ते ७ मिलिसिव्हर्ट लागतात. तो 'एकदा करूनच टाकू' म्हणून करण्याची गोष्ट नव्हे. डॉक्टरांना "याची गरज आहे का?" असं विचारण्यात संकोच कसला?

जर्मनीत हॅम्बर्गच्या एका रुग्णालयाच्या आवारात १९३६ साली एक दगडी स्मारक उभारलं गेलं. क्ष-किरण आणि रेडियमचं काम करताना जीव गेलेल्यांची दीडशेहून जास्त नावं तेव्हा त्यावर कोरली होती, नंतर ती साडेतीनशेच्या पुढे गेली. डॉक्टर, नर्स, तंत्रज्ञ, वेगवेगळ्या देशांतले.

त्या स्मारकापर्यंत आपल्यापैकी फार कमी जण जातील. पण मला वाटतं, त्याच्या खुणा आपल्या गावातल्या एक्स-रेच्या खोलीतही आहेत. टेक्निशियनच्या खिशाला लावलेला तो छोटा बिल्ला, त्याला किती किरणोत्सर्ग लागला हे मोजणारा. मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम. शिशाचा तो जड एप्रन. "गरोदर असल्यास आधी सांगा" ही दारावरची पाटी. तिच्यामागे डॉ. अ‍ॅलिस स्टुअर्ट यांनी १९५६ मध्ये मांडलेला अभ्यास आहे. आईच्या पोटात असताना ज्यांचे एक्स-रे निघाले, त्या मुलांमध्ये कर्करोगाचं प्रमाण जास्त दिसतं, असं त्यांनी सांगितलं. त्यांच्याकडेही वैद्यकीय जगाने कित्येक वर्षं काणाडोळा केला.

टेक्निशियन आपल्याला "श्वास रोखून धरा" म्हणतो आणि झटकन भिंतीआड जातो. काहींना त्याचा राग येतो. आम्हाला किरणांत उभं करून हा पळाला, असं वाटतं. पण आपल्याला एकदाच उभं राहायचं असतं, त्याला दिवसातून पन्नास वेळा. तो भिंतीआड जातो हेच बरोबर आहे. ती भिंत बांधायला फार हात लागलेत.