मालवणकराची मुख्यभूमी

सिंधुदुर्ग किल्ल्यातली माणसं बाजाराला निघाली की ‘मालवणात जातंव’ म्हणतात. किल्ला मालवणचाच, पण कुरटे बेटावर घर असलेल्याला मालवण म्हणजे पलीकडचा काठ. १६६४ साली शिवाजी महाराजांनी या बेटावर बांधकाम सुरू केलं. जुन्या शिबंदीच्या वंशजांची थोडी घरं अजून आत आहेत. पावसाळ्यात होड्या बंद, म्हणून त्याआधी आगोटीची बेगमी करायची.

आम्ही बंदरावरचे तरी कुठे वेगळे? सह्याद्रीपलीकडचा सगळा मुलूख आमच्या लेखी ‘घाटावर’. कोल्हापूर काय नि नागपूर काय, माणूस घाटीच!

गंमत म्हणजे हा जलदुर्ग कित्येक वर्षं कोल्हापूरकरांच्याच ताब्यात होता. १७६५ साली इंग्रजांनी तो घेतला, ‘फोर्ट ऑगस्टस’ असं बारसं केलं आणि पुढच्याच वर्षी पैसे घेऊन कोल्हापूरला परत दिला. मालवणच्या दर्यावर्द्यांना ते चाचे म्हणत. विकत दिलेल्या किल्ल्याची पावती फाडणाऱ्यांनी दुसऱ्याला चाचे म्हणावं, हे विशेषच. १८१२च्या तहाने मालवण कायमचं त्यांच्याकडे गेलं आणि घाट उतरून येणारा हुकूम मुंबईहून येऊ लागला.

पुढे माणसंही मुंबईकडेच वळली, गिरण्यांत, गोदीत. देवगड, विजयदुर्ग, रत्नागिरी करत आगबोट मुंबईला लागायची. माझी आजी म्हणायची, “मुंबैक आगबोट जाता, कोल्लापुराक घाट चढूक व्हयो.” मुंबई कितीतरी लांब, पण तिला तीच जवळची.

पलीकडच्या भूमीला असं वेगळं काढायची खोड आमचीच नव्हे. इंग्रज स्वतः युरोपातला, तरी खाडी ओलांडून फ्रान्सला निघाला की ‘कॉन्टिनेंट’ला चालला. सिसिलीकराचा ‘खंड’ म्हणजे इटलीची भूमी, मदेइराकराचा पोर्तुगाल. ही बेटांवरची माणसं, त्यांचं समजतं. स्वीडिश माणूस मात्र अगदी आमच्या जातीचा. त्याचा देश फिनलंडमार्गे जमिनीने युरोपाला जोडलेला, तरी बाल्टिकपलीकडच्या युरोपाला तो ‘खंड’ म्हणतो. त्याच्या आड समुद्र, आमच्या आड डोंगर.

आता आगबोटी गेल्या. १९९८पासून कोकण रेल्वे आहे. दुखणं बळावलं की आम्ही मुंबई सोडून गोव्यात बांबोळीच्या इस्पितळात धावतो. भाजी मात्र बेळगाव-कोल्हापूरकडून, घाट उतरूनच येते. ‘घाटी’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी बाजारात पिशवी उघडताना एवढं ध्यानात ठेवावं.